पासाचे पैसे

मॅनहॅटनमधल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी पगार आणि बेनिफिट्सचं काम बघते. नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडे पुढच्या वर्षाच्या निवडी भरून घ्यायचा हंगाम सुरू होतो. आरोग्यविम्याबद्दल लोक तास तासभर विचारत बसतात. निवृत्तीच्या खात्यात किती टाकायचे यावर घरी फोन लावून बायकोचं मत घेतात. दातांचा विमा वेगळा आणि डोळ्यांचा वेगळा का, यावर दरवर्षी कोणी ना कोणी माझ्यावर चिडतं, जणू तो नियम मीच केलाय. आणि फॉर्मच्या अगदी तळाशी ‘कम्यूटर बेनिफिट’ अशी एक ओळ असते. तिथे पोचेपर्यंत सगळे दमलेले असतात. बहुतेक जण ती कोरी सोडून सही करतात. खरं तर या ओळीला नोव्हेंबरचं बंधनच नाही, कुठल्याही महिन्यात सुरू करता येते, थांबवता येते. पण हे सांगणाऱ्या ईमेलही कोणी उघडत नाही.

उघडणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कंपनी पास देते का?’ नाही, देत नाही. पास तुमच्याच पैशांनी येतो. एवढंच की ते पैसे पगारातून कर कापायच्या आधी बाजूला काढले जातात. अमेरिकेच्या करकायद्यातलं कलम १३२ (एफ) कामावर येण्याजाण्याच्या ठरावीक खर्चाला ही सवलत देतं : ट्रेन, बस, सबवे, फेरी, सहा प्रवासी बसतील अशी व्हॅनपूल आणि पार्किंग. महिन्याची कमाल मर्यादा सरकार दरवर्षी जाहीर करतं. २०२४ साली ती ३१५ डॉलर होती, २०२५ साली ३२५, आणि २०२६ साठी ३४०. प्रवासाला एवढे आणि पार्किंगला वेगळे एवढेच.

हिशेब मी लोकांना पाठकोऱ्या कागदावर करून दाखवते, कारण पडद्यावरच्या आकड्यांवर कोणाचा विश्वास बसत नाही. समजा पासाला महिन्याला तीनशे डॉलर लागतात आणि तुम्ही केंद्राच्या २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात. त्यात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के मिळवा. तीनशे डॉलरवर जे एकोणनव्वद डॉलरच्या आसपास कर म्हणून गेले असते ते वाचतात. वर्षाला हजाराच्या वर. राज्याचा कर मी यात धरत नाही, कारण राहायचं न्यू जर्सीत आणि कमवायचं न्यूयॉर्कमध्ये अशी निम्म्या ऑफिसची तऱ्हा आहे आणि तो हिशेब सांगायला घेतला की समोरचा उठून जातो. एवढं दाखवल्यावर मात्र माणूस खुर्ची पुढे ओढतो.

मी मूळची डोंबिवलीची. मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसात पहिली नोकरी लागली तेव्हा पगारपत्रकावर ‘कन्व्हेयन्स अलाउन्स, ८०० रुपये’ अशी ओळ होती. महिन्याला आठशे रुपयांपर्यंत तो करमुक्त असे. तुम्ही लोकलने येता की शेजारच्या बिल्डिंगमधून चालत येता, कोणी विचारत नसे. पावती नाही, कार्ड नाही. सेकंड क्लासचा पास त्याहून बराच कमी पैशांत निघायचा आणि उरलेले माझे. आमच्या अकाउंट्समधले जोशीकाका तर त्या ओळीला ‘सरकारचा चहा’ म्हणत. पुढे २०१५ साली ती मर्यादा १६०० झाली, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात वैद्यकीय भरपाईसकट ती ओळच काढून टाकून सगळ्या पगारदारांना ४० हजारांची सरसकट स्टँडर्ड डिडक्शन दिली गेली. मी तेव्हा इथे होते; भावाने फोनवर सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, एक खोटी ओळ कमी झाली. आता इतकी वर्षं अमेरिकन नियमांत घालवल्यावर वाटतं, ती ओळ खोटी असेल, पण गेटवरच्या शिपायालाही ती तेवढीच सहज मिळत होती.

लग्नानंतर मी न्यू जर्सीत आले. सुरुवातीची वर्षं व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. ग्रीन कार्ड आलं तेव्हा पेरोलचा एक कोर्स केला आणि याच कामाला लागले. राहायला आम्ही आयझलिनच्या बाजूला, ओक ट्री रोडपासून जवळ, म्हणजे पोळी-भाजी, पूजेचं सामान आणि सोन्याची दुकानं चालत जाण्याइतकी आणि नोकरी तीस मैलांवर. आमचं स्टेशन मेट्रोपार्क. १९७१ साली ते बांधलं तेच मुळी लोकांनी गाडीने यावं, गाडी ठेवावी आणि ट्रेन पकडावी या कल्पनेने. गार्डन स्टेट पार्कवे हा मोठा रस्ता अगदी लागून आहे. आजूबाजूला गाव असं नाहीच. डोंबिवलीत स्टेशनभोवती सगळं शहर दाटलेलं असतं. इथे स्टेशनभोवती गाड्या दाटलेल्या असतात. सकाळी साडेसातला पार्किंगच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जागा शोधत गोल गोल फिरताना लाल बत्त्यांची रांग दिसते, आणि फलाटावर उभं राहिलं की मराठी, गुजराती, तेलुगू सगळं ऐकू येतं. फर्स्ट क्लास नाही, लेडीज डबा नाही, आणि दारात कोणी लटकत नाही. पत्ते मात्र काही मंडळी इथेही खेळतात.

या पार्किंगमुळेच कायद्यातली एक गंमत माझ्या लक्षात आली. ‘पार्किंग’ म्हणजे कुठलं पार्किंग हे कायद्याने बारकाईने ठरवलंय. ऑफिसजवळचं चालतं. आणि जिथून तुम्ही सार्वजनिक वाहन पकडता तिथलंही चालतं. म्हणजे माझ्यासारखी बाई मेट्रोपार्कला गाडी लावून ट्रेनने मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन गाठते, तेव्हा तिला दोन्ही खाती उघडता येतात, पार्किंगचं वेगळं आणि पासाचं वेगळं. २०२६ च्या आकड्यांत दोन्ही मिळून महिन्याला ६८० डॉलरपर्यंत. घराच्या इमारतीतलं पार्किंग मात्र नाही. जर्सी सिटीतल्या उंच इमारतीत राहणारा एक तरुण सहकारी माझ्याशी यावर बराच वेळ भांडला. त्याचं म्हणणं : गाडी घरी ठेवल्याशिवाय मी पाथच्या ट्रेनने मॅनहॅटनला कसा येऊ? युक्तिवाद झकास होता. नियम तरी नाहीच म्हणतो.

‘नाही’ची यादी तशी मोठी आहे. पूल आणि बोगद्यांचे टोल नाहीत. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी आणली की दिवसा नऊ डॉलर लागतात; तेही टोलसारखेच धरतात, म्हणून नाहीत. पेट्रोल नाही. टॅक्सी नाही. उबर-लिफ्ट फक्त मोठ्या गाडीतली सामायिक फेरी असेल तर, आणि तेही सगळीकडे नाही. आणि सायकल नाही. सायकलवाल्यांना २००९ पासून महिन्याला वीस डॉलरची भरपाई मिळत असे. ती २०१८ पासून स्थगित होती आणि २०२५ च्या नव्या करकायद्याने कायमची रद्द केली. ब्रुकलिनहून पूल ओलांडून सायकलने येणारी आमच्याकडची एक डिझायनर दरवर्षी विचारते, आणि तिला आता ‘यंदा नाही’ऐवजी ‘कधीच नाही’ असं सांगावं लागतं. अर्ध्या टनाची गाडी उभी करायला महिन्याला ३४० डॉलरची सूट, सायकल चालवायला शून्य. बरं, अर्धा टन हे मी गाडीला फारच हलकं लेखून म्हणतेय.

असं का, हे शोधायला मला कामातल्याच एका पत्रव्यवहाराने भाग पाडलं. आमच्या दोन वरिष्ठांच्या गाड्यांच्या जागेचं भाडं कंपनी भरते. म्हणजे ऑफिसच्या मागच्या गॅरेजमध्ये त्यांच्या जागा राखीव आहेत. मॅनहॅटनमध्ये अशा जागेला महिन्याला पाचशे-सहाशे डॉलर सहज पडतात. मर्यादेच्या वरचा भाग त्यांच्या पगारात धरून त्यावर कर कापायचा असतो, आणि तो कापला म्हणून त्यातल्या एकाने मला लांबलचक ईमेल लिहिली. उत्तरासाठी वाचत गेले तशी मागे मागे गेले. पूर्वी कंपनीने दिलेलं पार्किंग हे करातून जवळपास पूर्णच सुटलेलं असायचं, आणि ट्रेनच्या पासाला महिन्याला २१ डॉलर म्हणजे ‘किरकोळ’ एवढीच सूट होती. १९९२ च्या ऊर्जाविषयक कायद्याने पहिल्यांदा दोन्हींवर आकडे घातले : पार्किंगला १५५ डॉलर, प्रवासाला ६०. ही सुधारणा होती. कर कापायच्या आधी पगारातून पैसे काढून प्रवासाला वापरायची सोय तर १९९८ साली आली. तोवर कंपनीने स्वतःच्या खिशातून दिलं तरच फायदा.

याच वाचनात डोनाल्ड शूप यांची ओळख झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत प्राध्यापक होते, २०२५ च्या फेब्रुवारीत वारले. २००५ साली त्यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं : फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे सगळे भरतात, गाडी नसलेलेही. कॅलिफोर्नियात १९९२ साली एक कायदा झाला की काही मोठ्या कंपन्या बाहेर भाड्याने घेतलेलं पार्किंग कर्मचाऱ्याला फुकट देत असतील, तर जागा नको म्हणणाऱ्याला तेवढे रोख पैसे द्यायचे. शूप यांनी अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला. एकट्याने गाडी घेऊन येणारे १७ टक्क्यांनी कमी झाले. कोणाला उपदेश केला नव्हता, गाड्यांवर बंदी घातली नव्हती. पार्किंगची किंमत त्यांच्या हातात रोख दिली होती, बस. मी त्या ईमेलचं उत्तर दोन ओळींत दिलं आणि शूप यांचं नावही त्यात घातलं नाही. नोकरी टिकवायची असते.

पार्किंगच्या आणि प्रवासाच्या आकड्यांची बरोबरी व्हायला बराच काळ गेला, आणि तो काळ मी पेरोलच्या खुर्चीत बसून पाहिला. २००९ च्या मंदीतल्या पॅकेजमध्ये प्रवासाची मर्यादा पार्किंगइतकी म्हणजे २३० डॉलर केली होती, पण तात्पुरती. मुदत संपली की ती पुन्हा घसरायची. २०१४ उजाडलं तेव्हा पार्किंगला २५० आणि ट्रेनला १३०. माझ्याच पासाचे अर्धेअधिक पैसे एका रात्रीत करपात्र झाले. वर्षभर तसंच चाललं, आणि १९ डिसेंबरला सही होऊन कायदा आला की सगळ्या २०१४ साठी मर्यादा २५० होती असं समजावं! म्हणजे नाताळच्या आठवड्यात मागच्या बारा महिन्यांचे हिशेब उकरायचे. ज्या कंपन्या स्वतः वरची रक्कम देत होत्या त्यांना कापलेला कर परत करता आला. पण ज्यांनी स्वतःच्या पगारातून पास काढला होता त्यांना काही हाती लागलं नाही, कारण गेलेल्या महिन्यांची पगारकपात मागे जाऊन वाढवता येत नाही. मी स्वतः दुसऱ्या गटात. दुसऱ्यांना परतावे देण्याची कागदपत्रं मी भरत होते. पुढच्या वर्षी पुन्हा जानेवारीत १३०, पुन्हा डिसेंबरात दुरुस्ती. या वेळी मात्र ती कायमची झाली आणि तेव्हापासून दोन्ही आकडे जोडीने चढतात.

२०१७ च्या करकायद्याने दुसरीच पाचर मारली. तोवर कंपनीला हा खर्च आपल्या नफ्यातून वजा करता येत असे. ते बंद झालं. कंपन्यांनी योजना सोडून द्याव्यात असंच ते होतं. पण न्यूयॉर्क शहराचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू होता : वीस किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असतील तर करपूर्व पासाची सोय द्यावीच लागते. सॅन फ्रान्सिस्कोने ते २००९ मध्येच केलं होतं. २०१९ साली न्यू जर्सीनेही कायदा केला, असं करणारं ते पहिलं राज्य. त्यामुळे आमच्याकडे योजना राहिली. शिवाय कंपनीचाही त्यात फायदा आहे, तो फारसं कोणी बोलून दाखवत नाही : तुमच्या तीनशे डॉलरवर तिलाही तिच्या वाट्याचे ७.६५ टक्के, म्हणजे तेवीस डॉलरच्या आसपास, भरावे लागत नाहीत. योजना चालवणाऱ्या कंपनीची फी त्यातून सुटते.

आमच्या पॅरिसच्या ऑफिसातून एक बाई वर्षभरासाठी आल्या होत्या. मी त्यांना फॉर्म समजावून सांगितला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे पैसे माझेच?’ फ्रान्समध्ये पासाचा निम्मा खर्च मालकाने द्यायचा हे कायद्यानेच बंधनकारक आहे. मी म्हटलं, पैसे तुमचेच, पण स्वस्तातले तुमचे. त्यांनी सही केली, पण नजर अशी की घासाघीस न करता भाजी घेणाऱ्याकडे बघावं.

पैसे आणि माणूस यांच्यामध्ये एक कार्ड असतं, आणि माझ्या कामाचा निम्मा वेळ त्या कार्डात जातो. प्रवासाचे पैसे सहसा हातात मिळत नाहीत. एका खास डेबिट कार्डावर ते चढतात आणि ते कार्ड फक्त तिकीट विकणाऱ्या यंत्रात, अॅपमध्ये किंवा खिडकीवर चालतं. पूर्वी यासाठी कागदी व्हाउचर असत, ट्रान्झिटचेक म्हणून. मी लागले तेव्हा काही जुनी माणसं अजून ती खिडकीवर सरकवत. आता कोणी स्वतःच्या साध्या कार्डाने पास काढला आणि पावती घेऊन माझ्याकडे आला तर मी काही करू शकत नाही. पार्किंगची पावती मात्र चालते. एकाच कलमातली दोन भावंडं, पण वागणूक वेगळी. यावर मला दर महिन्याला कोणी ना कोणी ‘पण मी खरंच प्रवास केला आहे ना!’ असं ऐकवतं, आणि खरंच केलेला असतो. निवड बदलायची तर आमच्या योजनेत आदल्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत. सुट्टीवर भारतात जाणारे हमखास हे विसरतात आणि पुण्यात आमरस खात असताना इथे त्यांचा पास निघालेला असतो.

कार्डाचा खरा हिसका २०२० साली बसला. मार्चच्या मध्यावर ऑफिस बंद झालं तेव्हा एप्रिलची रक्कम आधीच कापली गेली होती. त्या वर्षी मर्यादा २७० डॉलर होती. ज्यांनी थांबवायला उशीर केला त्यांची दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची रक्कम साचली. नियम असा, की ही शिल्लक पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षातही नेता येते, पण रोख परत घेता येत नाही. आणि नोकरी सुटली की शिल्लक गेली. योजनेत राहते, म्हणजे पर्यायाने कंपनीकडे. उन्हाळ्यात आमच्याकडे कपात झाली. निरोपाच्या कागदांत ती ओळ मीच लिहिलेली होती, लहान अक्षरात. रिसेप्शनवरची एक मुलगी, क्वीन्सहून यायची, तिने मला घरून फोन केला. तिच्या खात्यात चारशेच्या वर डॉलर होते. ती म्हणाली, मी सबवेत बसलेच नाही आणि हे पैसे माझ्या पगारातले आहेत, मग ते माझे कसे नाहीत? मी तिला कलम सांगितलं. सरकारने त्या वर्षी कितीतरी नियम शिथिल केले, पण हा नाही; कायद्यात बदल न करता रोख परतावा देता येत नाही अशीच भूमिका राहिली. वरिष्ठांना मी विचारलं की कंपनीने आपल्या खिशातून, कर कापून का होईना, एवढी रक्कम जाणाऱ्यांना द्यावी का. ‘पायंडा पडेल’ असं उत्तर आलं. पायंडा हा शब्द मराठीत मी वापरतेय, इंग्रजीतला याहून गुळगुळीत होता.

ऑफिस पुन्हा उघडलं ते आठवड्यातून दोन दिवस, मग तीन दिवस. पासाचं गणितच बदललं. महिन्याचा पास रोज जाणाऱ्यासाठी आखलेला असतो. तीन दिवस जाणाऱ्याला सुटी तिकिटं बरी की पास बरा, हे दर महिन्याच्या सुट्ट्या बघून ठरवावं लागतं. न्यू जर्सी ट्रान्झिटने मध्ये वीस फेऱ्यांचा फ्लेक्सपास काढला होता, वीस टक्के सवलतीचा. आमच्या ऑफिसात तो फार आवडला. जुलै २०२४ मध्ये भाडी १५ टक्क्यांनी वाढली, तेव्हाच तो बंदही झाला. त्यानंतर दरवर्षी जुलैत तीन टक्के वाढ ठरलेली आहे. मेट्रोपार्कच्या फलाटावर भाडेवाढीची चर्चा अगदी डोंबिवलीसारखीच चालते, फरक इतका की इथे सगळे शेवटी ‘प्री-टॅक्स आहे म्हणून’ असं म्हणून गप्प बसतात. या सोयीचं खरं काम तेच असावं, असा मला कधी कधी संशय येतो.

मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती पुन्हा त्या पाठकोऱ्या कागदावर दिसते. तीनशे डॉलरच्या पासावर २२ टक्क्यांच्या स्लॅबमधल्याला एकोणनव्वद डॉलर वाचतात. १२ टक्क्यांतल्याला एकोणसाठ. १० टक्क्यांतल्याला त्रेपन्न. ट्रेन तीच, सीट तीच. जास्त पगार, जास्त सूट. आणि जो कर्मचारीच नाही, कंत्राटावर किंवा स्वतःचा धंदा करतो, त्याला काहीच नाही. ऑफिस साफ करायला रात्री येणाऱ्यांची नोकरी दुसऱ्या कंपनीकडे, तिथे काय आहे मला ठाऊक नाही, पण आमच्या यादीत ते नाहीत.

आमच्या मेलरूममध्ये एक गृहस्थ आहेत, पन्नाशीचे, मूळ इक्वेडोरचे. वेस्ट न्यूयॉर्कला राहतात, म्हणजे न्यू जर्सीतल्याच त्या नावाच्या गावात. बर्गनलाइन अॅव्हेन्यूवरून सकाळी लहान लहान खासगी बस सुटतात, लोक त्यांना जिटनी म्हणतात. हात केला की थांबतात, मोठ्या बसपेक्षा स्वस्त पडतात आणि एकामागून एक येत राहतात. डोंबिवलीची शेअर रिक्षा डोळ्यांसमोर आणा, फक्त हडसन नदीखालून जाणारी. पैसे उतरताना ड्रायव्हरच्या हातात, रोख. मी त्यांना कार्ड काढून दिलं होतं, उत्साहाने फॉर्मही मीच भरला. दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन परत आले. ड्रायव्हर हसला, म्हणाले.

मी योजना चालवणाऱ्या कंपनीला फोन केला. पावती? जिटनीवाला पावती देत नाही. रोख भरपाई? या भागात कार्डाची सोय आहे, त्यामुळे नाही. त्यांनी ट्रान्झिटच्या बसने यावं, असं पलीकडची मुलगी अगदी मनापासून सुचवत होती. मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ती बस घ्यायची तर सूट धरूनही मला जास्तच पडतं, आणि संध्याकाळी उशीर झाला तर वाट बघावी लागते ती वेगळी. आम्ही दोघांनी कागदावर मांडून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं.

मागच्या नोव्हेंबरात मी वरिष्ठांकडे एक प्रस्ताव नेला : ठरावीक पगाराच्या खालच्या सगळ्यांना कंपनीने कार्डावर महिन्याला पन्नास डॉलर आपल्याकडून घालावेत. या सवलतीत सगळ्यांना सारखंच दिलं पाहिजे अशी अट नाही, हे मी आधी तपासून घेतलं होतं. वरिष्ठांच्या गॅरेजचं भाडं भरलं जातं तेही त्याच मोकळिकीत बसतं, हे मात्र मी बैठकीत तोंडाने म्हटलं नाही, तक्त्यात शेजारच्या रकान्यात ठेवलं. प्रस्ताव मंजूर झाला. जानेवारीपासून सुरू आहे. क्वीन्स, ब्रॉन्क्स, न्यूअर्कहून येणाऱ्यांच्या कार्डावर पन्नास डॉलर पूर्ण चढतात, त्यावर कर नाही.

मेलरूममधल्या गृहस्थांना ते कार्डावर देऊन उपयोग नव्हता. त्यांच्या पगारातच पन्नास वाढवले. त्यावर कर कापला जातो आणि हातात पन्नासाहून कमी येतात. पगारपत्रक दिलं तेव्हा त्यांनी वजावटीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, आणि मी पाठकोरा कागद पुढे ओढला.